जीपीएस प्लॉटरमधले वेपॉइंट कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे आणि परत कसे टाकायचे?

आपल्या मोबाइलमधले फोटो, कॉन्टॅक्ट, चॅट या सगळ्याचा बॅकअप आपण घेतो. पण घरची मासेमारीची बोट असेल तर तिच्या केबिनमध्ये एक डबा असतो, त्यात वडिलांची किंवा काकांची पंधरा-वीस वर्षांची कमाई साठवलेली असते आणि तिचा बॅकअप कोणीच घेतलेला नसतो. तो डबा म्हणजे जीपीएस प्लॉटर. खाऱ्या पाण्याने तो एक दिवस बंद पडला की सगळं गेलं.

आमचं घर मालवणजवळ. काका तांडेल आहेत. त्यांच्या जुन्या सेटमध्ये तीनशेच्या वर पॉइंट होते. कुठे खडप आहे, कुठे बुडालेल्या बोटीचा सांगाडा आहे, कुठे सुरमई लागते, रात्री बंदरात शिरताना कुठून वळायचं, असं सगळं. स्क्रीन अंधुक व्हायला लागला तेव्हा हे पॉइंट बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना मी एक चांगलीच महाग चूक केली. तीही पुढे सांगतो, कारण या विषयात नेमकं तिथेच बहुतेक जण घसरतात.

वेपॉइंट, रूट आणि ट्रॅक

वेपॉइंट म्हणजे नाव देऊन साठवलेली एक जागा. बंदरावर त्याला नुसतं ‘पॉइंट’ म्हणतात. प्लॉटरच्या दृष्टीने ही जागा म्हणजे अक्षांश, रेखांश, नाव, एखादं चिन्ह आणि जमलं तर खोली. असे पॉइंट ओळीने जोडले की रूट होतो. बोट प्रत्यक्षात जिथून गेली त्याची आपोआप उमटलेली रेघ म्हणजे ट्रॅक. कॉपी करताना हे तिन्ही वेगळे असतात हे ध्यानात ठेवा. काही सेट तिन्ही एकदम देतात, काही फक्त पॉइंट देतात.

जीपीएस यायच्या आधी हेच काम डोळ्यांनी व्हायचं. किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला अमुक टोक तमुक माडांच्या मागे गेलं, की जागा आली. ती माहिती डोक्यात असायची, मुलाला सांगितली जायची. आता ती डब्यात आहे, म्हणून ती डब्याबाहेर काढणं आपल्याकडे आलं.

जीपीएक्स: सगळ्यांना समजणारी फाइल

प्रत्येक कंपनीची स्वतःची फाइल असते. गार्मिनच्या प्लॉटरची एडीएम, लोरन्स आणि सिमरॅडची यूएसआर, हमिनबर्डची एचडब्ल्यूआर, रेमरीनच्या जुन्या सेटची एफएसएच. एका कंपनीची फाइल दुसरीच्या सेटला सहसा कळत नाही. यावर उपाय म्हणून २००२ साली जीपीएक्स नावाचा खुला प्रकार आला आणि २००४ ची १.१ ही आवृत्ती आजही चालते. जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. आत प्रत्येक पॉइंटचा अक्षांश, रेखांश आणि नाव वाचता येतं.

म्हणून माझा सरळ सल्ला असा, की सेटमध्ये जीपीएक्सचा पर्याय असेल तर तोच घ्या. कंपनीची फाइलही सोबत काढून ठेवा, कारण चिन्हं आणि रंग तिच्यात जास्त नीट टिकतात. पण दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा सेट घेतलात तर उपयोगी पडणार ती जीपीएक्सच.

कार्डाचा स्लॉट असेल तर

हा सगळ्यात सोपा मार्ग. मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. दुकानात मिळणारं ६४ जीबीचं कार्ड आधीच एक्सफॅट असतं आणि बरेच सेट ते ओळखत नाहीत. मग आपल्याला वाटतं स्लॉट खराब आहे. खूप जुन्या सेटला २ जीबीच्या वरचं साधं एसडी कार्डही चालत नाही, तेव्हा घरात पडलेली जुनी कार्डं फेकू नका.

गार्मिनच्या प्लॉटरमध्ये मॉडेलनुसार ‘नॅव्ह इन्फो’ किंवा ‘इन्फो’मध्ये जा. तिथे ‘मॅनेज डेटा’ किंवा ‘युझर डेटा’, मग ‘डेटा ट्रान्सफर’. फाइलचा प्रकार विचारला तर जीपीएक्स निवडा आणि ‘सेव्ह टू कार्ड’ करा. फाइल कार्डावर ‘गार्मिन’ फोल्डरच्या आत ‘युझरडेटा’ फोल्डरमध्ये जाते. लोरन्स आणि सिमरॅडच्या सेटमध्ये ‘फाइल्स’मध्ये वेपॉइंट, रूट, ट्रॅक असा विभाग सापडतो. तिथे एक्सपोर्ट केलं की तो यूएसआरची कोणती आवृत्ती हवी ते विचारतो, जीपीएक्स हाही त्यातलाच एक पर्याय असतो. फाइल दुसऱ्या जुन्या सेटला द्यायची असेल तर यूएसआरचा लहान आकडा निवडा, कारण नवी आवृत्ती त्याला वाचता येत नाही.

तुमच्या जुन्या गार्मिनमध्ये फक्त एडीएम निघत असेल तर? त्यासाठी होमपोर्ट नावाचा विंडोजचा प्रोग्राम असायचा, आता तो जुना झाला. मला सोपा वाटलेला उपाय वेगळाच आहे. बंदरात कोणाकडे तरी त्याच कंपनीचा नवा सेट असतोच. कार्ड त्यात घालायचं, एडीएम वाचायची आणि जीपीएक्स करून बाहेर काढायची. अर्थात त्या माणसाचा तुमच्यावर आणि तुमचा त्याच्यावर विश्वास हवा, कारण तुमचे पॉइंट त्याच्या सेटमध्ये जाणार. काम झाल्यावर ते त्याच्यासमोर पुसून घ्या.

हातात धरायचे वॉटरप्रूफ जीपीएस, उदाहरणार्थ गार्मिनचा ७८ मालिकेतला, तर अजून सोपे. यूएसबीची वायर लावली की ते पेनड्राइव्हसारखे दिसतात आणि ‘गार्मिन’ फोल्डरमधल्या ‘जीपीएक्स’ फोल्डरात फाइल तयारच असते.

कॉम्प्युटरच नाही? मोबाइल पुरे

आपल्यापैकी अनेकांच्या घरी लॅपटॉप नसतो. काही अडत नाही. ओटीजी कार्ड रीडर फोनला लावा, फाइल मॅनेजरमधून जीपीएक्स फोनमध्ये कॉपी करा आणि ड्राइव्हवर टाकून ठेवा. बॅकअप झाला! पॉइंट नकाशावर बघायचे असतील तर ओस्मअँड ॲप जीपीएक्स थेट उघडतं. ओपनसीपीएन हा मोफत प्लॉटर प्रोग्राम अँड्रॉइडवरही आहे. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फाइल पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्क्रीनचा फोटो म्हणजे बॅकअप नव्हे. का, ते आता सांगतो.

माझी चूक

काकांच्या सेटला कार्डाचा स्लॉट नव्हता. मागे फक्त वायरी. मी म्हटलं, वायरीच्या भानगडीत कोण पडतंय? पॉइंटच्या यादीची एकेक पानं फोनवर टिपली आणि दोन रात्री बसून सगळं स्प्रेडशीटमध्ये भरलं. अंश एका रकान्यात, मिनिटं दुसऱ्यात, सेकंद तिसऱ्यात. सूत्र लावून फाइल तयार केली आणि नव्या सेटमध्ये चढवली. काका खूश, मीही खूश.

घोळ असा, की प्लॉटरवर सेकंद नव्हतेच. तिथे समजा १६°०२.४५०′ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १६ अंश आणि २.४५० मिनिटं. टिंबानंतरचा भाग हा मिनिटाचा दशांश आहे. मी तो ०२ मिनिटं ४५.० सेकंद असा वाचला. खरं तर ०.४५० मिनिट म्हणजे २७ सेकंद. फरक १८ सेकंदांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. तेव्हा १८ सेकंद म्हणजे ५५६ मीटर. अर्ध्या किलोमीटरच्या वर!

आणि ही चूक प्रत्येक पॉइंटला वेगळी पडते, म्हणून लवकर कळत नाही. टिंबानंतर ११० असेल तर फरक साधारण १३५ मीटर. ०२० असेल तर जेमतेम २५ मीटर. मी तपासायला म्हणून आमच्या जेटीचा पॉइंट सॅटेलाइट नकाशावर बघितला होता. तो शंभरेक मीटर सरकलेला दिसला आणि मी मनाशी म्हटलं, जीपीएस आहे, एवढं चालायचंच. जेटीचे आकडे नेमके लहान होते. टिंबानंतर ६०० च्या वर आकडे असलेले पॉइंट होते तिथे तरी मला शंका यायला हवी होती, कारण ७२ सेकंद, ९० सेकंद असं काही असूच शकत नाही. पण स्प्रेडशीटचं सूत्र गप्प राहिलं. त्याला काय, बेरीज-भागाकार करायचा.

तिसऱ्या फेरीला जाळं खडपात अडकलं. ओढताना फाटलं, मोठा तुकडा तिथेच सोडून यावं लागलं. काका घरी आले आणि एवढंच म्हणाले, “तुज्या मशिनीत खडप थयसर, आणि जाळा अडाकला हयसर!” ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा आकडे हाताने टाकायची वेळ आलीच तर आधी स्क्रीन नीट बघा. लिहायच्या तीन पद्धती आहेत. एकच जागा १६°०२′२७″ अशी लिहिता येते, १६°०२.४५०′ अशी लिहिता येते आणि १६.०४०८३३° अशीही लिहिता येते. सेटच्या सेटिंगमध्ये ‘युनिट्स’ किंवा ‘पोझिशन फॉरमॅट’मध्ये पद्धत बदलता येते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांचे सल्ले येतात, ते सेटमध्ये टाकतानाही हेच बघा. सल्ल्यात अंश-मिनिट-सेकंद असतील आणि सेट दशांश मिनिटांत असेल, तर सेकंदांना ६० ने भागून मगच टाकायचे. जीपीएक्स फाइलमध्ये मात्र नेहमी तिसरीच पद्धत असते, नुसते दशांश अंश. म्हणून फाइलने नेलं की हा घोळ होतच नाही.

दशांश अंश वापरताना टिंबानंतर निदान पाच आकडे ठेवा. पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. स्प्रेडशीटने दोनच आकडे ठेवून बाकीचे गोल केले तर जागा अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे जाऊ शकते.

अजून एक गंमत. जीपीएक्समध्ये आधी अक्षांश येतो, पण गुगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये आधी रेखांश. एकातून दुसऱ्यात हाताने कॉपी करताना उलटापालट झाली तर मालवणचा १६ उत्तर, ७३ पूर्व हा पॉइंट ७३ उत्तर, १६ पूर्व होतो आणि थेट नॉर्वेच्या वरच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतो. ही चूक निदान लगेच दिसते.

स्लॉट नसलेल्या जुन्या सेटचं काय?

जे मी आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. अशा सेटच्या मागे सिरियल डेटाच्या वायरी असतात. कॉम्प्युटरला यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर लावायचा. सेटची डेटा पाठवणारी वायर कन्व्हर्टरच्या डेटा घेणाऱ्या पिनला, सेटची घेणारी वायर कन्व्हर्टरच्या पाठवणाऱ्या पिनला, आणि ग्राउंड ग्राउंडला. वायरींचे रंग मॉडेलनुसार बदलतात. अंदाजाने जोडू नका, मॅन्युअल नेटवर शोधा. त्याच जुडग्यात बॅटरीची वायरही असते. ती डेटाच्या पिनला लागली तर कन्व्हर्टर गेला, आणि नशीब वाईट असेल तर लॅपटॉपही. जमत नसेल तर बंदरावरच्या इलेक्ट्रिशियनला हाताशी घ्या.

एनएमईए ०१८३ नावाच्या पद्धतीचा नेहमीचा वेग ४८०० बॉड असतो. कॉम्प्युटरवरही तोच ठेवा, नाहीतर स्क्रीनवर कचरा दिसेल. फुरुनोच्या जीपी-३२ सारख्या सेटमध्ये, ज्यात ९९९ पॉइंट मावतात, डेटा पीसीकडे पाठवायचा पर्याय इनपुट-आउटपुटच्या मेन्यूतच आहे. गार्मिनच्या जुन्या सेटमध्ये इंटरफेस बदलून ‘गार्मिन’ करावा लागतो. त्यानंतर जीपीएसबेबल हा मोफत प्रोग्राम थेट सेटशी बोलून पॉइंट जीपीएक्समध्ये उतरवतो. हाच प्रोग्राम लोरन्सची यूएसआर आणि हमिनबर्डची फाइलही वाचतो. दिसायला रूक्ष आहे, पण या कामात त्याच्यासारखा दुसरा मला मिळाला नाही.

नुसत्या एनएमईए ओळी हाती आल्या तर त्यातला अक्षांश १६०२.४५० असा सलग दिसेल. घाबरू नका. अक्षांशाचे पहिले दोन आणि रेखांशाचे पहिले तीन आकडे अंश, बाकी मिनिटं. या ओळी टेक्स्ट फाइलमध्ये साठवून जीपीएसबेबलला दिल्या तरी चालतं.

परत प्लॉटरमध्ये टाकताना

कॉम्प्युटरवर ओपनसीपीएन किंवा गुगल अर्थमध्ये फाइल उघडा, दुहेरी झालेले पॉइंट काढा, नावं नीट करा. नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरी नावांच्या जागी प्लॉटर बहुधा चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दाखवतो. जुन्या सेटमध्ये नावाला सहाच अक्षरं मिळतात, तेव्हा ‘सुरमई मोठा खडप’ आणि ‘सुरमई मोठा दगड’ ही दोन्ही नावं कापून एकच होतात. फरक दाखवणारं अक्षर किंवा आकडा सुरुवातीलाच घाला. नोटपॅडमध्ये नावं बदलत असाल तर ‘आणि’साठी वापरतात ते अँडचं चिन्ह लिहू नका. त्याने अख्खी जीपीएक्स फाइल उघडेनाशी होते.

फाइल ज्या फोल्डरातून आली त्याच फोल्डरात ठेवायची. गार्मिनच्या प्लॉटरसाठी ‘युझरडेटा’मध्येच. कार्डावर बाहेर ठेवली तर सेटला ती दिसत नाही आणि आपण उगाच फाइलला दोष देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं बटण. गार्मिनमध्ये कार्डावरून घेताना दोन पर्याय येतात, ‘मर्ज फ्रॉम कार्ड’ आणि ‘रिप्लेस फ्रॉम कार्ड’. मर्ज म्हणजे आहेत त्यात भर. रिप्लेस म्हणजे सेटमधले सगळे पुसून फक्त कार्डावरचे. मित्राने दिलेले दहा पॉइंट घ्यायला गेलात आणि रिप्लेस दाबलंत, तर हातात दहाच उरतील. म्हणून क्रम पक्का करा. आधी स्वतःचे पॉइंट कार्डावर सेव्ह, ते कार्ड बाहेर, मग दुसरं कार्ड आत, मग मर्ज. मर्ज दोनदा केलं तर काही सेटमध्ये तेच पॉइंट डबल होतात. तो त्रास आहे, नुकसान नाही.

टाकून झालं की पॉइंटचा एकूण आकडा आधीच्या आकड्याशी जुळवा. मग तीन पॉइंट तपासा, एक नको. जेटी, एखादा दीपगृहाजवळचा पॉइंट आणि तांडेलांना डोळे मिटून माहीत असलेलं एक खडप. तिन्हींचे टिंबानंतरचे आकडे वेगवेगळे असू द्या. माझ्या गोष्टीनंतर याचं कारण सांगायला नको.

सगळे पॉइंट एकाच दिशेने शंभर मीटरच्या आगेमागे सरकलेले दिसले तर ती आकड्यांची नाही, डेटमची भानगड आहे. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट डेटमवर बनले होते, जीपीएस आणि जीपीएक्स डब्ल्यूजीएस ८४ वर चालतात. कोणीतरी सेटमध्ये डेटम बदलून ठेवला असेल आणि वहीत आकडे तिथून उतरवले असतील, तर हा फरक येतो. सेटमध्ये डब्ल्यूजीएस ८४ परत लावा, मग आकडे उतरवा.

हे सगळं करायला उत्तम वेळ म्हणजे जून-जुलै. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, बरेच जण सेट काढून घरीच ठेवतात. बाहेर पाऊस, आत घरातल्या टेबलावर सेट, काका शेजारी. मी दुसऱ्यांदा हे काम असंच केलं. प्रत्येक पॉइंट उघडला की काका त्याची गोष्ट सांगायचे आणि मी ती जीपीएक्समधल्या वर्णनाच्या जागेत लिहायचो. किती वाव पाणी, तळ चिखल की खडक, कोणत्या महिन्यात जायचं. प्लॉटरवर हे वर्णन दिसत नाही, पण फाइलमध्ये राहतं. तीनशेपैकी चाळीसेक पॉइंट असे निघाले की ते कशासाठी टाकले हे त्यांनाही आठवेना. ते तसेच ठेवलेत, पुसले नाहीत.

फाइल तयार झाली की ती कुठे फिरते यावर लक्ष ठेवा. हे पॉइंट म्हणजे धंद्याची गुपितं आहेत. ग्रुपवर चुकून गेलेली फाइल परत घेता येत नाही. आणि तिच्यात ट्रॅक असतील तर पॉइंटची नावं पुसली तरी बोट कुठे गेली, कुठे घुटमळली, ते रेघेवरून सरळ कळतं. कोणाला चार जागा द्यायच्या असतील तर चारच पॉइंटची वेगळी जीपीएक्स करून द्या. गुगलच्या माय मॅप्सवर टाकणार असाल तर तो नकाशा ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ असा उघडा नाही ना, ते आधी बघा. जुना सेट विकायला काढलात तर बॅकअप घेऊन, दुसऱ्या सेटवर तपासून, मगच त्यातला डेटा पुसा. आणि जुना सेट विकत घेतलात, तर तो चालू करून पॉइंटची यादी एकदा उघडून बघा. बऱ्याचदा आधीच्या मालकाचं सगळं आतच असतं. त्याला फोन करून विचारा. त्याच्याकडे बॅकअप नसेल तर तुम्हीच कार्डावर काढून द्या.